बालोद्यानाचे जनक फ्रेडरिक फ्रोबेल

आमच्या खेड्यापाड्यांतून आतां बहुतेक ठिकाणीं तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठीं अंगणवाडी असते. सकाळीं मूल तेथें जातें. तें घरीं परत आलें म्हणजे बाप त्यास विचारतो कीं, आज काय शिकलास. आणि मूल सांगतें कीं, खेळलों. हें उत्तर ऐकून पुष्कळ आईबाप खट्टू होतात. पाटी नाहीं, पुस्तक नाहीं, मुळाक्षरें नाहींत, मग तेथें पाठवावयाचें तरी कशाला, असें त्यांस वाटतें. कित्येक तर ह्यापुढें जाऊन तीन वर्षांच्या मुलाच्या चिमुकल्या बोटांत पेन्सिल कोंबतात आणि त्याच्याकडून अक्षरें गिरवून घेतात. प्रिय वाचकहो, हा प्रश्न नवा नव्हे. शाळेंत जाण्यापूर्वींचीं वर्षें मुलानें कशांत घालवावीं, ह्या एकाच विचारासाठीं ज्यांनीं आपल्या आयुष्याचीं अखेरचीं पंधरा वर्षें वेंचलीं, आणि त्यापायीं ज्यांस गांवकऱ्यांनीं वेडा म्हटलें व सरकारनें नास्तिकपणाचा डाग लाविला, अशा एका जर्मन गृहस्थाचें चरित्र आज आम्ही आपणांपुढें ठेवीत आहों.

जर्मनीच्या मध्यभागीं थुरिंगिया नांवाचा एक डोंगराळ व दाट अरण्याचा प्रांत आहे. त्यांतील ओबरवाइसबाख ह्या खेड्यांत २१ एप्रिल १७८२ रोजीं फ्रेडरिकचा जन्म झाला. बाप तेथील लूथरपंथी मंडळीचा पाळक होता. मूल नऊ महिन्यांचें होतें न होतें तोंच आई वारली. बापाकडे आसपासच्या कित्येक खेड्यांची देखरेख असे. माणूस प्रामाणिक व कष्टाळू, पण करडा. दुसऱ्यांच्या घरची दुःखें निवारतां निवारतां स्वतःच्या घरांतील लहानग्याकडे पाहावयास त्यास सवड मिळेना. (आमच्या पाळकबंधूंनीं व उपदेशकांनीं येथें क्षणभर थांबावें, अशी आमची नम्र सूचना आहे.) मूल मोलकरणींच्या व थोरल्या भावांच्या हातीं वाढूं लागलें.

पुढें बापानें दुसरें लग्न केलें. सावत्र आईनें प्रथम त्यास जवळ घेतलें, आणि त्या पोरक्या जीवानेंहि आपली सारी माया तिच्यावर ओतली. परंतु तिला स्वतःचा मुलगा झाल्यावर तिचें मन फिरलें. जर्मन भाषेंत घरच्या माणसास तूं म्हणतात. त्या काळीं नोकराचाकरांशीं समोरासमोर बोलतांनाहि तो असें परक्यासारखें बोलण्याची रीत होती. ह्या बाईनें मुलास तूं म्हणणें सोडून दिलें आणि ती त्यास तो म्हणूं लागली. एवढासा हा शब्द! परंतु वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षीं आपला वृत्तांत एका लांब पत्रांत लिहितांना फ्रोबेल यांस ही गोष्ट विसरतां आली नव्हती.

बापानें त्यास स्वतः वाचावयास शिकवून पाहिलें. मूल मागें पडे, बाप रागावे. आणि शेवटीं हा मुलगा मंदबुद्धीचा आहे असा त्यानें ग्रह करून घेतला. मग त्यास गांवच्या मुलींच्या शाळेंत बसविण्यांत आलें. घराभोंवतीं भिंती व कुंपणें होतीं आणि बाहेर जाण्याची मनाई होती. सोबतीस काय ती एक बाग. त्या बागेंतलीं रोपें हेंच त्याचे सवंगडी झालीं. थोरला भाऊ ख्रिस्तोफ एकदां सुट्टींत घरीं आला असतां त्यानें हेझल नांवाच्या झुडपाच्या कळीवरचे बारीक तांबडे तंतु धाकट्यास दाखविले, आणि फुलें कशीं असतात तें समजावून सांगितलें. बापापाशीं गाऱ्हाणीं घेऊन येणाऱ्या नवराबायकोंचीं भांडणें ऐकून ऐकून त्या मुलाच्या मनांत जो गोंधळ माजला होता, तो त्या दिवशीं बराच निवळला, असें त्यांनीं पुढें लिहून ठेविलें आहे.

दहाव्या वर्षीं दैव उघडलें. आईचा भाऊ हॉफमान भेटीस आला, त्यानें मुलाची दशा ओळखली आणि बापाजवळून मागून घेऊन त्यास श्टाटइल्म ह्या गांवीं आपल्या घरीं नेलें. मामाहि पाळकच होता. त्याची बायको व मूल दोघेंहि वारलीं होतीं; घरांत एक म्हातारी सासू होती. परंतु येथें दार उघडें होतें. पाहिजे तेथें हिंडावें, मात्र वेळेवर परत यावें, एवढीच काय ती अट. फ्रेडरिक गांवच्या मुलांत खेळावयास गेला, तेव्हां त्यास कळून आलें कीं, त्यांच्या अंगीं जी ताकद व चपळाई आहे ती आपल्या अंगीं मुळींच नाहीं. मुलगा रोगी नव्हता. त्याचे हातपाय दहा वर्षें खेळाविना अशिक्षित राहिले होते, एवढेंच.

ह्यापुढील पंचवीसएक वर्षांचा वृत्तांत आम्ही झपाट्यानें सांगतों. दोन वर्षें वनरक्षकाजवळ उमेदवारी झाली. मग येना येथील विद्यापीठांत नांव घातलें. तेथें भावास उसने दिलेले पैसे परत न आल्यामुळें स्वतःस कर्ज झालें, आणि नऊ आठवडे विद्यापीठाच्या तुरुंगांत काढावे लागले. इ. स. १८०५ मध्यें घरें बांधण्याची विद्या शिकावी म्हणून फ्रोबेल फ्रांकफुर्ट शहरीं गेले. तेथें ग्रूनर नांवाच्या मुख्याध्यापकानें त्यांस आपल्या शाळेंत शिकविण्याचा आग्रह केला. वर्गांत पाऊल टाकतांच त्यांस असें वाटलें कीं, इतके दिवस जें हरवलें होतें तें हेंच. त्याच वर्षीं स्वित्झर्लंडांत इव्हर्डों येथें पेस्टालॉझी ह्या थोर शिक्षकाची शाळा त्यांनीं पाहिली, आणि पुढें १८०८ ते १८१० हीं दोन वर्षें तीन शिष्यांसह तेथें काढिलीं. नंतर गटिंगेन व बर्लिन येथें स्फटिकांचा अभ्यास केला. १८१३ मध्यें नेपोलियनाविरुद्धच्या युद्धांत स्वयंसैनिक म्हणून गेले असतां मिडेन्डॉर्फ व लांगेटाल हे दोघे तरुण त्यांस भेटले. ते जन्मभर त्यांचे सोबती झाले. त्याच वर्षीं भाऊ ख्रिस्तोफ साथीच्या तापानें मेला. त्याचीं मुलें पोरकीं झालीं, तेव्हां फ्रोबेल यांनीं बर्लिन येथील खनिजसंग्रहालयांतील नोकरी सोडली, आणि १८१६ सालीं आपल्या पांच पुतण्यांस घेऊन ग्रीसहाइम ह्या खेड्यांत शाळा मांडली. दुसऱ्या वर्षीं ती काइलहाऊ येथें नेली. बर्लिनच्या सुखवस्तु घरांतील हेन्रिएट विल्हेल्मिना ह्या बाईनें १८१८ मध्यें त्यांच्याशीं लग्न करून त्या दारिद्र्याचा वांटा आनंदानें उचलला.

काइलहाऊची शाळा चांगली चालली होती. मुलांची संख्या साठांच्या घरांत गेली. १८२६ सालीं मनुष्याचें शिक्षण हा त्यांचा मोठा ग्रंथ निघाला. हा ग्रंथ फार अवघड आहे, आणि त्यांच्या पुष्कळ हालअपेष्टांस त्यांची ही दुर्बोध लेखणीच कारण झाली असें आम्हांस वाटतें. जो मनुष्य तीन वर्षांच्या मुलाशीं इतकें सोपें बोलूं शके, तो मोठ्यांशीं बोलूं लागला म्हणजे कोणास कांहीं कळेना. त्यांत राज्यकर्त्यांस ह्या शाळेविषयीं राजकीय संशय आला. तपासणीस आलेल्या अधिकाऱ्यानें शाळेची स्तुतीच केली. पण लोक बिचकले ते बिचकलेच. १८२९ मध्यें पांचसहा मुलें उरलीं.

मग फ्रोबेल स्वित्झर्लंडास गेले, आणि तेथें १८३५ सालीं बुर्गडॉर्फ येथील अनाथालय त्यांच्याकडे सोंपविण्यांत आलें. आमच्या विषयाचा खरा आरंभ येथें आहे. चार ते सहा वर्षांचीं मुलें रोज त्यांच्या डोळ्यांपुढें असत. शाळामास्तर तक्रार करीत कीं, मुलें शाळेंत येतात तीं कोरीं येतात; त्यांस नीट पाहतां येत नाहीं, ऐकतां येत नाहीं, हात चालत नाहीं, दुसऱ्याबरोबर बसतां येत नाहीं. फ्रोबेल यांनीं पाहिलें कीं, दोष मुलांचा नाहीं आणि मास्तरांचाहि नाहीं. पहिलीं पांचसहा वर्षें कोणाच्याच हिशेबांत नव्हतीं. गरिबाचें मूल रस्त्यावर सोडलेलें, श्रीमंताचें मोलकरणीच्या हवालीं केलेलें. आणि एखाद्यानें त्या वयांत शिकविलेंच, तर काय शिकवी? वाचन! तेंच वाचन, जें शिकतांना ओबरवाइसबाखच्या पाळकाचा मुलगा मंद ठरला होता.

पत्नीच्या दुखण्यामुळें १८३६ मध्यें ते जर्मनीस परतले, आणि १८३७ सालीं काइलहाऊजवळच्या ब्लांकनबुर्ग ह्या लहान गांवांत त्यांनीं लहान मुलांच्या खेळासाठीं एक संस्था उघडली. त्यांचें वय पंचावन्न होतें. गांवच्या मुलांस जमवून ते त्यांच्याशीं खेळत, आणि घरीं बसून खेळणीं करवीत. ह्या खेळण्यांस त्यांनीं देणगी असें नांव दिलें.

पहिली देणगी म्हणजे लोकरीचे सहा मऊ चेंडू. तांबडा, नारिंगी, पिंवळा, हिरवा, निळा व जांभळा, प्रत्येकास दोरी बांधलेली. तान्हें मूल देखील तो मुठींत धरूं शकतें. आई तो झुलविते, लपविते, पुन्हां दाखविते. आणि आला, गेला, वर, खालीं, इकडे, तिकडे हे शब्द मुलाच्या डोळ्यांबरोबर कानांतहि शिरतात. दुसरी देणगी लांकडाची; एक गोळा, एक घन आणि एक नळकांडें. गोळा घरंगळतो, घन बसून राहतो, नळकांडें दोन्ही करतें. तिसरी देणगी म्हणजे आठ लहान घनांत कापलेला एक घन, पेटींत घातलेला. ही पेटी मुलाच्या हातीं देतांना ती पालथी ठेवावी, झांकण सरकवून काढावें, आणि पेटी अलगद वर उचलावी, म्हणजे आठ तुकड्यांच्या ढिगाऐवजीं एक सबंध घन मुलाच्या दृष्टीस पडतो, असा त्यांचा नियम होता. खेळ संपल्यावर मुलानें पुन्हां सबंध घन रचून पेटींत घालावा. एक रचना मोडून फेंकावयाची नाहीं. तींतलेच ठोकळे हलवून दुसरी करावयाची. खुर्चीचा जिना होई, जिन्याची विहीर, विहिरीचें घर. मग त्याच ठोकळ्यांची नक्षी. मग सबंधाचे दोन सारखे भाग, चार सारखे भाग, आठ सारखे भाग. ज्या मुलानें अर्धा व पाव असा शंभर वेळां हातांत धरला आहे, त्यास पुढें पाटीवरील अपूर्णांक परके वाटत नाहींत.

ह्याशिवाय कागदाच्या घड्या, कागदी पट्ट्यांची विणकाम, मातीचीं भांडीं, भिजविलेल्या वाटाण्यांत काड्या खोंचून केलेलीं घरें, असे हातांचे उद्योग असत. ह्यांत पैशाची गरज किती थोडी आहे, हें वाचकांनीं पाहावें. आमच्याकडील चिंचोके, काड्या, ओली माती व पळसाचीं पानें ह्यांहून तें सामान कांहीं निराळें नव्हतें. आणि जीं बोटें वाटाण्यांत काडी न मोडतां खोंचूं शकतात तीं पुढें लेखणी धरावयास आपोआप तयार होतात.

मुलें रिंगण करून गात व नाचत. रिंगणांत आपली पाळी येईपर्यंत थांबावें लागतें. शेजाऱ्याचा हात धरावा लागतो, तो आवडो किंवा न आवडो. प्रत्येक मुलास बागेंत एक लहानसा वाफा असे, आणि त्याभोंवतीं सर्वांच्या मालकीचे सामाईक वाफे असत. आपल्या वाफ्यास पाणी न घातलें तर काय होतें, हें मुलास कोणी सांगावें लागत नसे. सामाईक वाफ्यास पाणी कोणीं घालावयाचें, हा मात्र कठीण धडा. तो मोठ्यांसहि अजून येत नाहीं.

ह्या सर्व उद्योगास नांव काय द्यावें तें त्यांस बरेच दिवस सुचेना. शाळा हा शब्द त्यांस नको होता, कारण येथें मुलांस धडे द्यावयाचे नव्हते. १८४० च्या वसंत ऋतूंत मिडेन्डॉर्फ व दुसरे एक सोबती यांच्यासह काइलहाऊहून ब्लांकनबुर्गास डोंगरावरून पायीं जात असतां खालचें खोरें त्यांस एखाद्या मोठ्या बागेसारखें दिसलें. ते एकदम थांबले, आणि आनंदानें ओरडून त्यांनीं तें नांव उच्चारलें: किंडरगार्टन, म्हणजे मुलांची बाग. त्याच वर्षीं २८ जून रोजीं ब्लांकनबुर्ग येथें ह्या नांवानें संस्थेची स्थापना झाली. परंतु ज्या पत्नीनें वीसएक वर्षें त्यांच्याबरोबर उपासमार काढली, ती हा दिवस पाहावयास उरली नव्हती. ती १८३९ च्या मे महिन्यांत वारली होती.

जर्मनीच्या स्त्रियांनीं दहा दहा थेलरांचे भाग घेऊन ही संस्था आपली म्हणून चालवावी, असा त्यांचा विचार होता. भाग फार थोडे खपले, आणि १८४४ मध्यें ब्लांकनबुर्गचें बालोद्यान पैशाअभावीं बंद पडलें. त्याच सुमारास त्यांनीं आईचीं गाणीं व बोटांचे खेळ ह्यांचें एक पुस्तक चित्रांसह छापलें. गांवच्या अशिक्षित आया मुलास मांडीवर घेऊन काय काय करतात, तें पाहून पाहून त्यांनीं तें रचलें होतें. आमच्याकडील आजी नातवाच्या तळहातावर बोट फिरवून जे खेळ करते, किंवा आमच्या मुली अंगणांत जी भातुकली मांडतात, ती ह्याच जातीची विद्या होय. फरक इतकाच कीं, आजी तें करते आणि विसरते. ह्या आईविना वाढलेल्या मनुष्यानें तें टिपून ठेविलें.

पुरुष शिक्षक बहुधा त्यांस हंसत. म्हातारा गृहस्थ चेंडू हलवितो व मुलांबरोबर बेडकासारखा उड्या मारतो, ह्यास विद्या कोण म्हणणार? म्हणून त्यांनीं तरुण स्त्रियांस ह्या कामासाठीं तयार करण्याचें ठरविलें. लहान मुलांस शिकविणें हा स्त्रियांस शिकून करतां येण्याजोगा मानाचा व्यवसाय आहे, ही कल्पना तेव्हां नवी होती. १८४९ मध्यें ते लीबनश्टाइन ह्या गांवीं राहावयास गेले. तेथें हवापालटासाठीं आलेल्या बर्टा फॉन मारेनहोल्त्झ-ब्यूलो ह्या सरदार घराण्यांतील बाईस गांवांत असें समजलें कीं, येथें एक म्हातारा येऊन राहिला आहे, तो शेतकऱ्यांच्या पोरांबरोबर नाचतो व खेळतो, म्हणून लोक त्यास खुळा म्हातारा म्हणतात. कांहीं दिवसांनीं तिनें त्यांस प्रत्यक्ष पाहिलें. लांब पांढरे केस, भोंवतीं अनवाणी मुलांची रांग, सर्व टेंकडी चढत आहेत आणि गात आहेत. ती पाहत उभी राहिली, आणि तिच्या डोळ्यांस पाणी आलें. ही बाई त्यांची शिष्या झाली. पुढील वर्षीं मायनिंगेनच्या ड्यूकनें जवळच मारीएनथाल येथील आपला वाडा त्यांस शिक्षिका तयार करण्यासाठीं दिला.

१८५१ सालीं त्यांनीं आपली शिष्या लुइझा लेव्हिन हिच्याशीं विवाह केला. आतां सुखाचे दिवस येतील असें वाटत असतां, ७ ऑगस्ट १८५१ रोजीं प्रशियाच्या शिक्षणमंत्र्यानें हुकूम काढून आपल्या राज्यांतील सर्व बालोद्यानांस मनाई केली. मुलांस नास्तिक करण्याच्या समाजवादी कटाचा हा एक भाग आहे, असें कारण दिलें होतें. खरी गोष्ट अशी कीं, कार्ल फ्रोबेल नांवाच्या त्यांच्या पुतण्यानें एक पुस्तिका छापली होती, आणि मंत्र्यानें चुलता व पुतण्या यांचा घोटाळा केला. फ्रोबेल यांनीं मंत्र्यास व राजास लिहिलें, आपलीं पुस्तकें पाठविलीं, दोन माणसें निराळीं आहेत हें दाखवून दिलें. मनाई उठली नाहीं. ज्यानें सबंध आयुष्य ईश्वरी एकतेविषयीं लिहिण्यांत घालविलें, त्या पाळकाच्या मुलास सत्तराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर देवाचा शत्रु ठरविण्यांत आलें; आणि धर्माचे रक्षक म्हणविणाऱ्या पुष्कळांस तें खरें वाटलें, ही गोष्ट आम्हांस फार लागते.

२१ जून १८५२ रोजीं मारीएनथाल येथें त्यांनीं देह ठेविला. जवळच्या श्वाइना गांवच्या स्मशानांत त्यांच्या थडग्यावर दगडाचा एक घन, त्यावर एक नळकांडें व त्यावर एक गोळा असें स्मारक आहे. दुसरी देणगी ती हीच.

प्रशियांतील मनाई १८६० मध्यें उठली. तोंपर्यंत हें बीं देशाबाहेर गेलें होतें, आणि तें नेलें तें स्त्रियांनीं. मार्गारेटा शुर्त्झ ह्या जर्मन बाईनें १८५६ सालीं अमेरिकेंत वॉटरटाउन येथें बालोद्यान मांडलें. १८६० मध्यें एलिझाबेथ पीबॉडी हिनें बॉस्टन येथें इंग्रजी बोलणाऱ्या मुलांसाठीं मांडलें. आणि १८८६ सालीं आपल्या नात्यांतील आनंदीबाई जोशी यांच्या वैद्यकीय पदवीच्या समारंभासाठीं फिलाडेल्फियास गेलेल्या पंडिता रमाबाई यांनीं तेथेंच राहून ह्या पद्धतीचें शिक्षण घेतलें. विधवांस शिक्षिका करावयाचें त्यांच्या मनांत होतें. १८८९ मध्यें त्यांनीं मुंबईस शारदासदन उघडलें. पुढें १९४५ पासून ताराबाई मोडक यांनीं तेव्हांच्या ठाणे जिल्ह्यांत बोर्डी येथें खेड्यांतील मुलांसाठीं बालवाडी चालविली व मुलांच्या अंगणापर्यंत नेली. त्यांचे गुरु माँटेसरीबाई व गिजुभाई हे होते, फ्रोबेल नव्हेत. पण चिंचोके आणि माती तीच.

फ्रोबेल यांच्या मागून पुष्कळ शिक्षिकांनीं त्यांच्या देणग्यांची कवाईत करून टाकिली हेंहि येथें सांगितलें पाहिजे. सर्व मुलांनीं एकाच वेळीं तोच ठोकळा उचलावा, तोच खालीं ठेवावा. हंसूं नये, बोलूं नये. ठोकळे राहिले आणि खेळ गेला.

लुइझाबाई पतीच्या मागें जवळजवळ अठ्ठेचाळीस वर्षें जगल्या. हांबुर्ग शहरीं राहून त्यांनीं कित्येक तरुण स्त्रियांस ह्या कामासाठीं तयार केलें, आणि त्या १९०० सालीं वारल्या.